कुतचा वेढा: पीठ, बढती आणि मुलीचं लग्न

चिलखत

पहिल्या महायुद्धातल्या, इराकातल्या कुत-अल-अमाराच्या वेढ्याचा विषय आपल्याकडे फारसा निघत नाही. निघायला हवा, कारण तिथे अडकलेली फौज ‘पूना डिव्हिजन’ होती, म्हणजे हिंदी लष्कराची सहावी डिव्हिजन. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी, खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या (लष्करी इंजिनिअरांच्या) दोन कंपन्या, सगळे तिथेच. सातारा-रत्नागिरीकडची पोरं, महिना ११ रुपये पगार, आणि तिन्ही बाजूंनी तैग्रिस नदी.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नोव्हेंबर १९१४ मध्ये हिंदुस्थानातून निघालेली फौज फाव बंदरात उतरली, त्याच महिन्यात बसरा घेतलं. ठरलं होतं तेल आणि बंदर राखायचं. पण मिळतंय म्हटल्यावर पाय पुढे पडत गेले. जून १९१५ मध्ये अमारा, सप्टेंबरमध्ये कुत, आणि मग बगदादची स्वप्नं. नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादच्या अलीकडे टेसिफॉनला तुर्कांनी असं रोखलं की हल्ला करणाऱ्या फौजेतली निम्म्याच्या आसपास माणसं जखमी किंवा मेलेली. जनरल टाउनशेंड फौज घेऊन मागे फिरला, ३ डिसेंबरला कुतला पोचला आणि तिथेच थांबला. ७ डिसेंबरपासून वेढा. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती. जवळपास पाच महिने.

कुत तोफांनी पडलं नाही, पीठ संपलं म्हणून पडलं. आणि पीठ कधी संपणार या हिशोबात दोन अगदी खासगी गोष्टी शिरल्या होत्या: जनरलची बढती आणि शिपायाच्या मुलीचं लग्न. या धाग्यात मला एवढंच मांडायचंय.

आधी जनरल. टाउनशेंडचं नाव झालं ते १८९५ साली चित्रालच्या वेढ्यात. ४६ दिवस किल्ला लढवला, सुटका झाली, विलायतेत कौतुकाचा पाऊस. ज्याचं सगळं करिअर एका वेढ्यावर उभं आहे, त्याला वेढ्याची भीती कमी वाटणार. कुतला थांबायचं त्याने ठरवलं तेव्हा माणसं थकलेली होती हे खरंच. पण आत बसलो की बाहेरून सोडवायला येतात, हे त्याने स्वतःच्या आयुष्यात एकदा बघितलेलं होतं.

आता गंमत बघा. सुरुवातीचे कितीतरी आठवडे त्याने पूर्ण शिधा चालू ठेवला. गावात सुमारे सहा हजार अरब रहिवासी होते, त्यांच्या घरांत धान्य किती हे धड तपासलंही नाही. आणि बाहेर कळवलं की महिना-दोन महिन्यांचंच अन्न आहे. त्या आकड्यावर विसंबून सुटकेसाठी आलेल्या जनरल एल्मरने अर्धवट जमलेल्या फौजेनिशी जानेवारीत लागोपाठ शेख साद, वाडी आणि हन्ना इथे हल्ले केले. तोफा कमी, चिखल, औषधपाण्याचा पत्ता नाही. तीन लढायांत जवळपास आठ हजार माणसं कामी आली किंवा जखमी झाली. हन्ना हरल्यावर लगेच टाउनशेंडची तार: झडती घेतली, धान्य सापडलं, घोडे धरून अजून ८४ दिवस काढता येतील!

एल्मरच्या जागी तुम्ही असता तर ती तार वाचून काय केलं असतं?

आता शिपाई. त्या ८४ दिवसांत ‘घोडे धरून’ हे दोन शब्द महत्त्वाचे. जानेवारीअखेर घोडे आणि खेचरं कापायला सुरुवात झाली. ब्रिटिश पलटणींनी खाल्लं. हिंदी शिपायांनी नाही म्हटलं. मराठा शिपाई शाकाहारी नव्हता, प्रश्न मांसाचा नव्हताच. घोडा खाल्ला हे गावात कळलं की जातीत घेणार नाहीत, मुलींना स्थळं येणार नाहीत, ही भीती अधिकाऱ्यांच्या नोंदींत स्पष्ट येते. सरकारने दिल्लीच्या जामा मशिदीच्या इमामांसह धर्मगुरूंची संमती तारेने मागवली. तरी बहुतेकांनी तोंड लावलं नाही. एप्रिलमध्ये शिधा मुठीवर आला तेव्हा कुठे हजारोंनी खायला सुरुवात केली. तोवर उशीर झालेला.

तर मंडळी, लष्करी डावपेचांत असली घरगुती गणितं किती धरावीत? मला वाटतं नकाशावरच्या बाणांइतकीच. मतं येऊ द्या.

बखरबहाद्दर

वाखू (वाचनखूण) साठवली आहे. पण राव, एवढ्या लांब इराकात कशाला जायचं? पानिपत घ्या की. भाऊसाहेबांची फौज तिकडे उपाशी, आणि इकडे नानासाहेब पेशवे २७ डिसेंबर १७६० ला पैठणला दुसरं लग्न लावतायत! १४ जानेवारीला तिकडे सगळं संपलं. खासगी आयुष्य आणि युद्धनीती यांचा यापेक्षा ढळढळीत संबंध कुठे मिळणार?

चिलखत

पानिपत येणार याची खात्री होती, दुसऱ्याच पोस्टला येईल असं वाटलं नव्हतं. :)

पण हा संबंध मला लोक समजतात तेवढा ढळढळीत वाटत नाही. तारखा लावून बघा. अब्दाली बागपतजवळ यमुना उतरून भाऊंच्या आणि दिल्लीच्या मध्ये येऊन बसला तो ऑक्टोबरअखेर. दोआबातून अब्दालीची रसद तोडणारे आणि आपल्याला रसद पोचवू पाहणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले डिसेंबरात, लग्नाच्या आधी. २७ तारखेला नानासाहेब घोड्यावर बसून सुटले असते तरी पैठणहून पानिपतला अठरा दिवसांत फौज कशी पोचवणार होते? लग्नाची गोष्ट चविष्ट आहे म्हणून टिकली. त्यापेक्षा छावणीतले बायकामुलं, यात्रेकरू, बुणगे, म्हणजे लढणाऱ्याच्या कितीतरी पट खाणारी तोंडं, हा खासगी आयुष्याचा खरा भार होता. तो रोजच्या रोज धान्यात मोजला जात होता.

बखरबहाद्दर

बुणग्यांचं मान्य. लग्नाचं नाही. पोचला नसता हे ठीक, पण निघायला नको? नेतृत्वाचं लक्ष कुठे होतं ते त्यातून कळतंच. असो, तुमचा धागा तुमच्याकडे.

माजी_फौजी

लेख छान. पण चिलखत साहेब, तुम्ही टाउनशेंडला फार मोठा केलात. मी रसदीच्या बाजूने सांगतो, आमची हयात त्यात गेली.

बसऱ्याला त्या काळी धड धक्का नव्हता. जहाजातला माल होड्यांत, होड्यांतून काठावर, काठावरून पुन्हा नदीतल्या आगबोटीत. आणि उथळ तैग्रिसमध्ये चालतील अशा आगबोटी मोजक्या. सुटकेसाठी आलेल्या पलटणी बसऱ्याला येऊन बसून राहिल्या, कारण वर न्यायला बोटच नाही. तोफा एका बोटीत, त्यांचे घोडे दुसऱ्या, दवाखाना तिसऱ्या आणि तो अजून मुंबईतच. ही सगळी मोहीम सिमला-दिल्लीहून काटकसरीत चालवली होती. टेसिफॉनचे जखमी बिनस्प्रिंगच्या गाड्यांतून आणि उघड्या बोटींतून आठवडा-आठवडा सडत बसऱ्याला आले, त्यावरून १९१७ मध्ये चौकशी आयोगाचा अहवाल निघाला आणि भारतमंत्री चेंबरलेन यांना राजीनामा द्यावा लागला.

मग नंतर आलेल्या जनरल मॉडने काय केलं? आधी बंदर, बोटी, रूळ. मग लढाई. फेब्रुवारी १९१७ मध्ये कुत परत घेतलं, ११ मार्चला बगदाद. तेच शिपाई, तीच नदी.

म्हणून माझं म्हणणं, शिपायांनी जानेवारीत घोडा खाल्ला असता आणि कुत अजून तीन-चार आठवडे तगलं असतं, तरी बाहेरचे आत पोचले नसते. एप्रिलमध्ये नदीला पूर होता, कुतच्या अलीकडे सन्नैयतला, जिथे तुर्कांनी वाट अडवली होती, सगळा चिखल. २४ एप्रिलला ‘जुलनार’ बोट २७० टन शिधा घेऊन रात्री घुसायला निघाली, तीही वाटेत अडकून तुर्कांच्या हाती गेली. विमानातून पोती टाकली, त्यातली काही नदीत तर काही तुर्कांच्या खंदकात. शिपायाच्या मुलीच्या लग्नावर खापर फोडू नका. रसद ज्याने पाहिली नाही त्याच्यावर फोडा.

घराचं म्हणाल तर ते आम्हाला शिकवावं लागत नाही. जवान सुट्टीवरून आला की कंपनी कमांडर त्याचा इंटरव्ह्यू घेतो आणि पहिला प्रश्न ‘घर में सब ठीक?’ हाच असतो. निम्म्या वेळा बांधाचं भांडण निघतं. मग जिल्हा सैनिक कार्यालयाला पत्र, कलेक्टरला पत्र. चौकीवर उभ्या माणसाचं डोकं सात-बाऱ्यात अडकलेलं असेल तर तो समोर बघत नाही.

चिलखत

तीन आठवड्यांनी फरक पडला नसता हे मान्य करायला जड जातंय, पण तुमच्या बोटींच्या मुद्द्याला उत्तर नाही. फक्त एक. जानेवारीतल्या आठ हजारांचं काय? ती घाई बोटींमुळे नव्हती, चुकीच्या आकड्यामुळे होती. एल्मरला आधीच ८४ दिवस कळले असते तर त्याने तोफा आणि दवाखाने यायची वाट बघितली असती की नाही?

माजी_फौजी

बघितली असती. ते टाउनशेंडच्या खात्यात लिहा.

खलबत्ता

वैद्यकीय बाजू कुणीच काढली नाही म्हणून लिहिते.

कुतमध्ये एकाच गावात, एकाच वेढ्यात, दोन वेगळे आजार पसरले. ब्रिटिश पलटणींत बेरीबेरी, आपल्या पलटणींत स्कर्व्ही. ब्रिटिशांना मैद्याचा पाव मिळायचा, त्यात बी-१ जवळपास नाही, म्हणून पाय सुजणे, धाप, हृदय थकणे. आपल्या लोकांना आटा आणि जवाचं जाडंभरडं पीठ, कोंड्यासकट. बेरीबेरीचं नाव नाही. पण ताजी भाजी नाही आणि ताजं मांस नाही, म्हणून हिरड्या सुजून रक्त, जुन्या जखमा उकलणे, खंदकात कुदळ उचलवत नाही अशी अवस्था. घोड्याच्या ताज्या मांसात क जीवनसत्त्व थोडंच असतं, पण स्कर्व्ही लांबवायला पुरतं. ब्रिटिश ते खात होते.

पुढे मैदा संपत आला, ब्रिटिशांनाही जवाच्या पिठाचा पाव द्यावा लागला, आणि त्यांची बेरीबेरी कमी झाली! नाइलाजाने झालेला प्रयोग. ‘व्हायटॅमिन’ ही कल्पना तेव्हा चारच वर्षांची होती, क जीवनसत्त्व तर १९३० च्या आसपास हाती लागलं. तिथले मुख्य वैद्यकीय अधिकारी कर्नल हेहिर यांनी हे नोंदवून ठेवलं म्हणून आज कळतं. शेवटी शेवटी शिपाई नदीकाठचा पाला खुडून उकळून खात होते.

त्यामुळे माजी_फौजी, घोडा न खाण्याचा परिणाम फक्त ‘किती दिवस’ एवढा धरू नका. आतली फौज बाहेर पडून हल्ल्याला हातभार लावायच्या लायकीची राहिली नव्हती, त्याचं एक कारण ते आहे.

तिरकमठा

मला एवढंच माहीत होतं की शरणागतीनंतर शिपाई वाळवंटात चालवत नेले आणि जनरल साहेब इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगल्यात राहिले. आणि त्यांचा कुत्रा? तो तुर्कांच्या परवानगीने सुखरूप बसऱ्याला रवाना झाला म्हणे. खासगी आयुष्याची काळजी घेतली नाही असं कोण म्हणतं!

चिलखत

खरं आहे. आणि ऐका, वेढा चालू असताना गॉरिंजला (एल्मरनंतर सुटकेच्या फौजेचा प्रमुख झालेला जनरल) लेफ्टनंट जनरल केल्याचं कळल्यावर टाउनशेंडने आपल्या बढतीचा विषय तारेवर काढला होता. कैदेत असतानाच त्याला ‘सर’ची पदवीही मिळाली. त्याच सुमारास त्याचे शिपाई रास-अल-ऐन आणि टॉरस-अमानसच्या डोंगरांत बगदाद रेल्वेचं काम करत होते. सुमारे तेरा हजार माणसं कैद झाली. ब्रिटिश शिपायांतले निम्म्याहून जास्त परत आले नाहीत. आपले हजारो गेले.

ओसरी

मूळ लेखातली एक जोडी मला खटकली. ‘जनरलची बढती आणि शिपायाच्या मुलीचं लग्न’ असं एका दमात म्हटलं की दोन्ही एकाच तागडीत बसतात. एकाला जे आहे त्याहून जास्त हवं होतं. दुसऱ्याला जे आहे ते जाऊ द्यायचं नव्हतं.

जात जाणं म्हणजे नेमकं काय, ते आजच्या वाचकाला ‘अंधश्रद्धा’ या एका शब्दात उरकता येतं. १९१६ च्या गावात वाळीत टाकलेल्या घराला न्हावी येत नाही, पेरणीला सावड मिळत नाही, मयताला खांदा मिळत नाही, उसनं बियाणं मिळत नाही. शिपाई ११ रुपये कमावतो ते ज्या शेतासाठी, ज्या घरासाठी, तेच घर गावाबाहेर पडतं. मुंबई राज्यात वाळीत टाकण्याविरुद्ध कायदा झाला तो १९४९ साली. तोपर्यंत दाद मागायला जागा नव्हती. त्या माणसाने उपाशी राहायचं ठरवलं ते पूर्ण हिशोब करून. तुर्काची गोळी त्याच्या एकट्याला लागणार होती. घोड्याचा घास सगळ्या घराला लागला असता.

आणि म्हणूनच दिल्लीची तार चालली नाही. मुलगी करून घ्यायची की नाही हे दिल्लीतले धर्मगुरू ठरवत नाहीत, चार कोसांवरचे पाहुणे ठरवतात. सरकारने परवानगी आणली ती जरा जास्तच वरून. पलटणीतले सुभेदार-जमादार त्याच पंचक्रोशीतले असायचे, त्यांच्या घरांशी सोयरिकी होत्या. ते खातायत का, याकडे प्रत्येकाचं लक्ष असणार. एप्रिलमध्ये टाउनशेंडने बजावलं की जे हिंदी अधिकारी-हवालदार खाणार नाहीत त्यांच्या जागी खाणारे नेमीन, आणि मग आकडा एकदम हजारांत गेला. माझा अंदाज असा की दटावणीने जेवढं झालं त्यापेक्षा ‘सगळ्यांनीच खाल्लं तर वाळीत कोण कुणाला टाकणार’ या विचाराने जास्त झालं. हे जानेवारीत कुणी ओळखलं असतं तर? त्यासाठी जनरलला एका हवालदाराशी त्याच्या गावाबद्दल बोलावं लागलं असतं.

माजी_फौजी

ताई, हे मी माझ्या एका जुन्या सीओंना (पलटणीच्या कमांडिंग ऑफिसरना) वाचायला पाठवतोय. सुभेदाराचा मुद्दा शंभर टक्के. आजही नवीन काही आणायचं असेल तर आधी सुभेदार मेजर साहेबांना पटवावं लागतं, मग पलटण आपोआप येते.

चिलखत

ओसरी, तागडीचा आक्षेप मान्य करतो आणि तरी माझं वाक्य मागे घेत नाही. मी दोघांना एकाच नैतिक पायरीवर ठेवत नाहीये. एवढंच म्हणतोय की मुख्यालयात ज्या कागदावर ‘८४ दिवस’ लिहिलं गेलं, त्यात दोन्ही गोष्टींना रकाना नव्हता. जनरल स्वतःच्या कीर्तीपायी आकडा कसा फिरवेल हे कुणी धरलं नाही, आणि शिपाई समोरचं ताट का सरकवेल हेही नाही. आकडा मात्र दोघांनीच हलवला.

सुभेदारांबद्दल तुम्ही म्हणता ते पटतंय. ते खाणारे आकडे सावकाश न चढता एकदम का उसळले, याचं मला धड कारण लागत नव्हतं.

खलबत्ता

फक्त भूकही होतीच हो. पीठ माणशी दिवसाला सव्वाशे ग्रॅमच्या आसपास आल्यावर समाजशास्त्र थोडं मागे पडतं.

ओसरी

पडतं. पण मार्चमध्येही पोट भरत नव्हतंच की.

नांगरट

सदस्य जुना आहे, लिहीत कधी नाही. हे वाचून राहवलं नाही.

आमच्या घरात वितीच्या साधारण निम्म्या आकाराची, काशाची जाड चकती आहे. त्यावर हातात त्रिशूळ घेतलेली बाई, शेजारी सिंह, कडेने इंग्रजी अक्षरं. एका चौकोनात पणजोबांचं नाव, फक्त नाव, बाकी हुद्दा वगैरे काही नाही. माझी आजी दुधाच्या पातेल्यावर मांजर तोंड घालेल म्हणून ती ठेवायची, वजनदार म्हणून. बाई झिजून तिचं नाक गेलंय. घरात एवढंच सांगतात की ‘बसऱ्याला गेले, आले नाहीत’. पणजी तेव्हा दोन मुलींवर तिसऱ्या खेपेला गरोदर, तो मुलगा म्हणजे माझे आजोबा. पलटण कुठली, कुतमध्ये होते की सोडवायला गेलेल्यांत, की नुसते हमाल-भिस्ती म्हणून गेले होते, काही माहीत नाही. कळायचा काही मार्ग आहे का?

चिलखत

नांगरट, लिहिलंत ते फार बरं केलंत. ती चकती म्हणजे युद्धात मेलेल्यांच्या वारसांना सरकारने दिलेली स्मृतिपट्टिका. कडेचा मजकूर ‘स्वातंत्र्य आणि सन्मानासाठी मरण पावला’ अशा अर्थाचा आहे. त्यावर हुद्दा मुद्दामच घालत नसत, म्हणून तिच्यावरून पलटण कळणार नाही.

बसऱ्याच्या स्मारकावर चाळीस हजारांवर माणसांची आठवण आहे, पण साधे हिंदी शिपाई तिथे नावाने कोरले नाहीत, पलटणीगणिक नुसती संख्या. नावं नोंदवहीत आहेत. राष्ट्रकुल युद्धस्मारक आयोगाच्या संकेतस्थळावर शोधता येतील. इंग्रजी स्पेलिंग पाच-सहा तऱ्हांनी घालून बघा, वडिलांचं नाव आणि गाव पुष्कळदा दिलेलं असतं.

सोपा मार्ग म्हणजे पदक. पट्टिकेव्यतिरिक्त एक गोल, रिबिनीचं पदक आलेलं असणार, एका बाजूला राजाचा मुखवटा. त्याच्या कडेवर बारीक अक्षरांत नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. १०३, ११० किंवा ११७ दिसलं तर कुतची शक्यता बरीच. आणखी एक, लढाऊ शिपायांना ते चांदीत दिलं, हमाल-भिस्ती वगैरेंना बहुतेक काशात. घरात आहे का ते?

नांगरट

नाही. ७२ च्या दुष्काळात आजोबांनी सोनाराकडे मोडलं. आत्याला आठवतंय, तिच्या समोरच तोललं होतं.

माजी_फौजी

सोनाराने घेतलं म्हणजे चांदीचं होतं. म्हणजे हमाल नाही, लढाऊ होते तुमचे पणजोबा. गावाचा तालुका व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. कोकणातले की घाटावरचे, त्यावरून पलटणीत कुठल्या कंपनीत असतील याचा अंदाज बांधता येतो. मराठा पलटणींत तेव्हा कोकणी आणि दख्खनी अशा कंपन्या वेगळ्या असायच्या.

नांगरट

केला.

बखरबहाद्दर

मी त्या पैठणच्या लग्नावर वेगळा धागा काढतोय. चिलखत, तिथे या, अठरा दिवसांचा हिशोब मांडून बघू.